दुसऱ्या ट्रॉलीतली पाकिटं

सोमवार, ७ जानेवारी

मावशी,

फोन तू उचलत नाहीस, नव्या खोलीचं दार उघडत नाहीस, आणि अंधारखोलीत मोबाइल न्यायला बंदी. म्हणून ही आयडिया. रिकामे ट्रे घेऊन वरून दोन ट्रॉल्या तुमच्याकडे उतरतात ना, त्यातल्या दुसऱ्या ट्रॉलीच्या सगळ्यात वरच्या ट्रेमध्ये हे पाकीट ठेवतोय. वर ‘मावशीला’ असं लिहिलंय, माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. ओळखशील.

तीन महिने झाले, पुरे ना आता? चौकशीत मला विचारलं, मी उत्तर दिलं. चाळीस हजार अंडी सडली, अख्ख्या मजल्यावर नाक धरून फिरावं लागत होतं, आणि कागदावर सही तुझी. अंड्यांत टोचायच्या बीजात जंतू आहेत का हे बघायची प्लेट मी तुझ्यासमोर ठेवली, तू ‘साफ आहे’ म्हणालीस. तुला दिसलं नसेल. वय होतं माणसाचं. मी एवढंच बोललो. अंधारखोली तर तू स्वतः मागून घेतलीस. साहेब म्हणत होते स्टोअरला जा, खुर्चीत बस. तुला अंधारात दिव्यासमोर अंडी धरून आतला जीव बघायचीच हौस, नोकरीला लागलीस तेव्हा होती तशी. त्याला मी काय करू?

असो. खरी बातमी ऐक. माझं बीज तयार झालंय! तोच फ्लूचा व्हायरस, पण मी त्याला एका अंड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा अकरा वेळा फिरवलाय. दर वेळी जो जास्त वाढला तोच पुढे नेला. आता तो अंड्यात असा वाढायला हवा की बघत राहावं. आज एका अंड्यातून जेमतेम एका माणसाची लस निघते. मला दीड काढायची आहे. साहेबांनी सहा आठवडे दिलेत. दर सोमवारी दोन ट्रॉल्या अंडी, पहिलीला जुनं बीज टोचायचं, दुसरीला माझं, गुरुवारी रस काढायचा, शुक्रवारी मोजायचं. सहा आठवडे माझं बीज पुढे राहिलं तर पूर्ण मजल्यावर तेच, आणि नाव माझं. नाहीतर मग मी ट्यूब धुणारा तो ट्यूब धुणाराच.

हो, आणि तुझ्या त्या नियमाला मी फाटा दिलाय. अंडी वर आल्यावर चिठ्ठ्या टाका, मगच कुठल्या ट्रॉलीला कुठलं बीज ते ठरवा, वगैरे. कोण चिठ्ठ्या टाकत बसणार? ट्रॉल्या दोन्ही सारख्याच दिसतात, खाली तुम्हाला काय कळणार आहे?

उत्तर लिही. त्याच ट्रेमध्ये ठेव.

तुझा,
भिंगरी


सोमवार, १४ जानेवारी

मावशी, एकशे बेचाळीस!!

म्हणजे जुन्या बीजाला शंभर धरलं तर माझ्या बीजाचे एकशे बेचाळीस. मी तीनदा मोजलं. साहेब स्वतः वर आले, माझ्या पाठीवर थाप मारली, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “सव्वीस वर्षांचं पोर जे करतं ते इथे तीस वर्षांत झालं नाही.” तीस वर्षं म्हणजे कोण ते सगळ्यांना कळलं. कुणी हसलं नाही, पण बघितलं सगळ्यांनी एकमेकांकडे.

तुझं टेबल आता माझ्याकडे आहे. खिडकीजवळचं. तुझी ती पाठीला लावायची उशी फेकून दिली, तिला तुझ्या केसांच्या तेलाचा वास होता. इन्क्युबेटरचा एक पाय तोकडा आहे, आठवतं? सारखा हलायचा. त्याच्याखाली तुझ्या वह्या घातल्या, तीन. एकदम फिट. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा कुणाला तरी उपयोग झाला.

चिडलीस? चीड. निदान चिडून तरी लिही.

मला माहितीय तू काय म्हणशील. ‘भिंगरी, एका आठवड्याने काही सिद्ध होत नाही.’ बरं. अजून पाच आहेत.

भिंगरी


सोमवार, २१ जानेवारी

मावशी,

एकशे छप्पन.

तुझं उत्तर नाही. ट्रे येतात ते नुसते अंड्यांनी भरून. चांगली येतात अंडी, तेवढं मान्य करतो.

परवा तुला कँटीनच्या बाहेर बघितलं. अंधारखोलीतून उजेडात येत होतीस, एक हात भिंतीला लावून, डोळे बारीक करून, एकेक पाऊल. तू इतकी छोटी कधी झालीस? पॅकिंगवाले म्हणाले, “घुबड निघालं बघ जेवायला.” सगळे हसले. मीपण हसलो. लपवून काय करू, हसलो. तू थांबलीस, तुझा चेहरा आमच्या दिशेने वळला, आणि मग तू पाठ केलीस. मला वाटतं तुला मी दिसलो नाही. नाहीतर हसताना ऐकलं असशील.

आठवतं, आई गेल्यावर तू मला घेऊन आलीस, तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि अंधाराला घाबरायचो. तू बाथरूमचा दिवा बंद केलास, टॉर्च माझ्या मुठीखाली धरलास. मूठ आतून लाल लाल झाली. म्हणालीस, “हे बघ, शिरा दिसतात, हलतंय. म्हणजे जिवंत आहेस. जिवंत माणसाने अंधाराला घाबरायचं नसतं.” मी शाळेत सगळ्यांना सांगितलं की माझी मावशी अंड्यांची डॉक्टर आहे. मॅडम हसल्या होत्या.

साहेब विचारत होते, हिला आता घरीच बसवायचं का. मी म्हणालो, राहू दे, जूनमध्ये रिटायर होतेच आहे. बघ, तुझ्यासाठी शब्द टाकला मी.

भिंगरी


सोमवार, २८ जानेवारी

मावशी,

एकशे साठ. साहेबांनी मला मोठ्या मीटिंगला यायला सांगितलंय. पुढच्या सोमवारी मी इथे नसेन, दोन दिवस बाहेरगावी, हॉटेल वगैरे! ट्रॉल्या बाकीचे लोक लावतील.

आज मी फार खूश आहे, आणि खूश असलो की मला गप्प बसवत नाही, तुला माहितीये. म्हणून एक गोष्ट सांगूनच टाकतो.

तुमच्या अंधारखोलीतली अक्का कँटीनमध्ये सांगत होती की तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातेस. तिसऱ्यांदा गेलीस. डॉक्टर म्हणतात काही दोष सापडत नाही आणि तू त्यांच्याशी भांडतेस, की नीट बघा, मला प्लेटवरचे ठिपके दिसले नाहीत, माझ्यामुळे चाळीस हजार अंडी गेली. दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ थेंब घालतेस म्हणे.

नको घालूस. तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. प्लेट नव्हतीच, मावशी.

मी ती लावायला विसरलो होतो. लावली असती तर तीन दिवस थांबावं लागलं असतं, आणि साहेबांना त्याच दिवशी बीज हवं होतं. मी कागदावर ‘साफ’ असं लिहिलं आणि तू बुटांची लेस बांधत होतीस तेव्हा तो तुझ्या हातात दिला. तू एका गुडघ्यावर ठेवून सही केलीस. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर दोनदा वाचला असतास. सगळ्यांचे दोनदा वाचतेस. माझा एकही कागद तू आजवर वाचलेला नाहीस, प्रगतिपुस्तकापासून. नुसती सही करायचीस आणि म्हणायचीस, ‘तू सांग ना काय लिहिलंय.’

चौकशीत मी म्हणालो की मी प्लेट दाखवली होती. मला वाटलं तू ओरडशील, म्हणशील कसली प्लेट. तू माझ्याकडे बघितलंस, बराच वेळ, आणि म्हणालीस, “तो म्हणतो तर दाखवली असेल. मला दिसलं नसेल.” इतकं सोपं जाईल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

झालं. बरं वाटलं. आता जा आणि दाखव हे पत्र कुणाला हवं त्याला. दाखवणार नाहीस तू. माझ्याविरुद्ध तुझा हात उठत नाही, ते तुला जमतच नाही, आणि हे मला सात वर्षांचा असल्यापासून माहिती आहे.

भिंगरी


सोमवार, ११ फेब्रुवारी

मावशी,

गेल्या सोमवारी लिहिलं नाही, बाहेर होतो. मीटिंग झकास झाली.

आल्यावर बघतो तर गेल्या आठवड्याचा आकडा एकशे एक. एकशे एक! जुन्या बीजाच्या बरोबरीने. मी नाही म्हटल्यावर इथल्यांनी काहीतरी घोळ घातला, दुसरं काय. सुई बदलली नसेल, इन्क्युबेटर गार पडला असेल. मी सगळं तपासलं. कुठे काही सापडलं नाही. क्वालिटीवाल्या बाई दारात उभ्या राहून म्हणतात, “चिठ्ठ्या टाकल्या होत्या ना?” मी म्हणालो, “हो.” त्यांच्या तोंडाला कोण लागणार.

तो आठवडा मी तक्त्यातून काढून टाकलाय. ‘थर्मामीटर बिघडला’ असं लिहिलं.

आणि तू? दोन आठवडे वाट बघतोय. मागच्या पत्रात मी काय लिहिलं ते वाचून तू एक शब्दसुद्धा बोलणार नाहीस? मला वाटलं होतं येशील, कानाखाली देशील. तू आपली तिकडे थेंब घालतेसच आहेस, अक्काने सांगितलं. मला लाजवायला करतेस का हे? नाटकं करू नकोस, मावशी. मी लाजणार नाही.

आज ट्रॉल्या मी स्वतः लावतोय. पाकीट नेहमीच्या जागी.

भिंगरी


सोमवार, १८ फेब्रुवारी

मावशी!

एकशे अठ्ठावन्न. म्हटलं नव्हतं? मी हात लावला की होतं.

साहेबांनी सही केली. पंचवीस तारखेपासून अख्ख्या मजल्यावर फक्त माझं बीज. जुनं बीज बंद, त्याच्या बाटल्या उकळून टाकल्या, मी स्वतः उभा राहिलो. चाचणी संपली, त्यामुळे ही दोन ट्रॉल्यांची भानगडपण संपली, आणि पत्रंसुद्धा. हे शेवटचं. सहा पत्रं लिहिली मी तुला. एवढी तर मी कुणालाच लिहिली नाहीत. आमच्या शाळेत पत्र लिहायला शिकवलं ते ‘डिअर सर’ला रजेचा अर्ज, बस.

फोटो काढला आमच्या सगळ्यांचा. तू शिकवलेले चारही जण त्यात आहेत. एकाने विचारलं, मावशींना बोलवायचं का वर? मी म्हणालो, फ्लॅशने त्यांच्या डोळ्यांना त्रास होईल. जोक केला. ते बिचारे खरंच समजले.

आता तू मला काही देणं लागत नाहीस आणि मी तुला. सुखात राहा.

भिंगरी


बुधवार, ६ मार्च

मावशी,

या पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘हे आधी उघड’ असं लिहिलंय आणि हे ट्रेमध्ये नाही, तुझ्या दाराखालून सरकवतोय. प्लीज, हे आधी वाच. आणि बाकीची वाचूच नकोस. का ते सांगतो.

सत्त्याण्णव. शुक्रवारपासून रोज सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एकदा त्र्याण्णव. दीडपट लस निघणार म्हणून साहेब शब्द देऊन बसलेत, दवाखान्यांच्या याद्या झाल्यात, आणि माझं बीज जुन्यापेक्षा खाली. जुन्याच्या बाटल्या आम्हीच उकळल्या. सोमवारी साहेब केबिनमध्ये ओरडले ते तुमच्या खोलीपर्यंत आलं असेल. मला म्हणाले, “तुझा तो एकशे साठ आला कुठून? आकाशातून?”

मला झोप नाही. सगळं परत तपासलं. बीज तेच, सुया त्याच, माणसं तीच. शेवटी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे अंडी. म्हणून काल दुपारी खाली आलो. तू नव्हतीस, डॉक्टरकडे गेली होतीस. अक्का दिव्यापाशी बसली होती. मला दिसेना काही, दोन ट्रेंना धडकलो.

“कोण ते? सांभाळून! जीव आहेत त्यांत,” अक्का म्हणाली. “अगं बाई, भिंगरी का? आलास एकदाचा. उशीर केलास, ती गेली.”

मी विचारलं, “अक्का, जानेवारीत माझ्या दोन ट्रॉल्या यायच्या, त्या कोण भरायचं?”

“पहिली आम्ही. दुसरी तुझी मावशी.”

“दुसरी म्हणजे कुठली? दोन्ही सारख्याच असतात.”

“पाकीट असायचं ना रे तीत! ट्रॉली आली की ती आधी पाकीट शोधायची. हात पुसायची, खिशात घालायची, आणि आम्हाला म्हणायची, ही आमच्या पोराची, हिला कुणी हात लावायचा नाही. मग बसायची निवडत. एकेक अंडं हातात तोलून बघायचं, दिव्यापुढे दोनदा फिरवायचं, नखाने हळूच टिचकी मारायची. शंभरातली चाळीस पसंत पडायची बाईला. त्या चाळिसांची दुसरी ट्रॉली, आणि तिने बाजूला केलेल्यांची पहिली. मी म्हटलं, अगं, असली कसली चाचणी. तर म्हणे, चाचणी वर, इथे मी त्याची मावशी.”

मी म्हणालो, “पण तिला तर दिसत नाही.”

“ती म्हणते दिसत नाही! मी म्हणते, बाई, तुला माझ्या पोटातलं जेवण दिसेल. ऐकते कुठे?”

“आणि त्या एका सोमवारी पाकीट नव्हतं—”

“अरे, त्या दिवशी तर दोन्ही ट्रॉल्या तिने तीनतीनदा उपसल्या. अगदी रडकुंडीला आली. पोरगं आजारी असेल म्हणून दिवसभर हात चालेना तिचा. शेवटी आम्हीच भरल्या दोन्ही, जशी हाताला आली तशी.”

मावशी, मी तिथे उभा होतो, आणि मला एकच दिसत होतं. माझ्या बीजात काही नव्हतं. अकरा अंडी, आठ महिने, आणि काही नव्हतं. ते एकशे साठ तुझे होते.

मी निघालो तर अक्का मागून म्हणाली, “बाकी माफी मागितलीस ते बरं केलंस हो.”

“कसली माफी?”

“पत्रांतली. सहा पत्रं! तिने वाचली नाहीत अजून, घरी कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलीत. म्हणते, पोरगा सहा वेळा माफी मागतोय, मागू दे, थोडा ताटकळू दे. रिटायर होईन त्या दिवशी खुर्ची खिडकीशी ओढीन आणि एकापाठोपाठ एक वाचीन. आम्हाला पाकिटं दाखवते जेवताना. नुसती वरून.”

मग मी वर गेलो आणि तक्रार लिहिली. हो. हे सगळं ऐकल्यावर. ‘अंधारखोलीतल्या कर्मचाऱ्याने अंड्यांत निवड करून चाचणी बिघडवली.’ खोटं आहे का यात काही? कुणीतरी जाणारच होतं, आणि तू जूनमध्ये तशीही जातेस. मला अजून तीस वर्षं काढायची आहेत. शुक्रवारी चौकशी आहे. तू फक्त ‘हो’ म्हण. आणि पाकिटांचं काढू नकोस. कुठली ट्रॉली माझी हे मीच तुला कळवत होतो असा अर्थ होईल त्याचा.

ती सहाही मला परत दे. न उघडता. निदान चौथं. त्यावर कोपऱ्यात २८ असं लिहिलंय. त्यात काही नाही, वेडेपणा आहे, मीटिंगच्या नादात काहीही लिहिलं. तू वाचलंस तर तुला उगाच लागेल. तुझ्यासाठीच सांगतोय.

भिंगरी


शुक्रवार, ८ मार्च, दुपार

मावशी,

हे ट्रेच्या कार्डांच्या मागे लिहितोय, खिशात तेवढीच होती. तुझ्या खोलीसमोर, रस्त्याच्या पलीकडे शटर पडलेलं एक दुकान आहे, त्याच्या पायरीवर बसलोय. वर तुझी खिडकी दिसते. हे तुला कसं पोचवू माहीत नाही. ट्रॉली नाही आता.

तू सकाळी स्वच्छ साडी नेसून आलीस. साहेबांनी माझी तक्रार वाचून दाखवली आणि विचारलं, “हे खरं आहे?”

“हो,” तू म्हणालीस. “निवडली मी.”

“का?”

“पोराची ट्रॉली होती.”

क्वालिटीवाल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “त्याची कुठली हे तुम्हाला कसं कळायचं?”

मी तुझ्याकडे बघत होतो. डोळ्यांनी ‘नको’ म्हणत होतो. तू पिशवीतून पाकिटं काढलीस आणि टेबलावर ठेवलीस. सात. सगळ्यात वर माझं दाराखालून सरकवलेलं, ‘हे आधी उघड’ लिहिलेलं. सगळीच्या सगळी चिकटवलेली.

बाई म्हणाल्या, “हे आधी उघड म्हणतोय तरी उघडलं नाहीत?”

तू हसलीस. “घाई त्याला जन्मापासूनच आहे. मी क्रमानेच वाचणार.”

साहेबांनी पहिलं पाकीट उचललं. “उघडू?”

आणि तू त्यांच्या हातातून ते काढून घेतलंस, साहेबांच्या हातातून, आणि म्हणालीस, “नको. माफीची पत्रं आहेत. चारचौघांत वाचायची नसतात.”

मी गप्प बसलो, मावशी. ‘माफीची नाहीत’ एवढंच म्हणायचं होतं.

बाई म्हणाल्या, उघडायची गरजच नाही, पाकिटं ट्रॉलीत यायची एवढं पुरे. चाचणी रद्द. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही की चिठ्ठ्या टाकल्या होत्या का. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “सोमवारपासून हा खाली. अंधारखोलीत जागा रिकामी झालीच आहे.” मग तुला म्हणाले, “तुम्हाला आजपासून यायची गरज नाही.”

आजपासून. जूनपर्यंत मला वेळ होता. जूनपर्यंत मी कपाटातून काढून घेतली असती, काहीतरी केलं असतं. माझ्याच तक्रारीने तू आज रिटायर झालीस.

दाराशी माझ्याजवळ थांबलीस. मला वाटलं थोबाडीत देशील. तू माझ्या कॉलरचं बटण लावलंस. “चूक झाली की लिहून द्यावी. बरोबर केलंस,” म्हणालीस. आणि मग पिशवीवर हात ठेवून, “आता सवडच सवड आहे.”

मी धावत आलो, पण तू रिक्षाने आलीस. दार वाजवलं. तू आतून म्हणालीस, “आत्ता नको रे. वाचायचंय.” तुझ्या आवाजात हसू होतं. मी अजून वाजवलं. तू रेडिओ लावलास.

आता तू खुर्ची खिडकीशी ओढलीस. दिसतेस मला. ऊन तुझ्या खांद्यावर आहे.

पहिलं तू कात्रीने कापलंस, नीट, कड न फाडता. बराच वेळ वाचलंस. कागद खाली ठेवलास आणि समोर बघत राहिलीस. मला वाटलं, थांबशील. नाही थांबलीस.

दुसरं. त्यात उशी आहे. वह्या आहेत. तू वाचता वाचता मागे टेकायला गेलीस आणि परत सरळ बसलीस.

तिसरं. कँटीनचं.

चौथं हातात घेतलंस. कापलं नाहीस. ते आधी उन्हापुढे धरलंस, सवयीने, आणि मनगट हळू फिरवलंस, आत काही हलतंय का बघताना फिरवतेस तसं. मी उभा राहिलो. ओरडलो बहुतेक. रस्त्यातली दोन माणसं माझ्याकडे बघायला लागली. तुझा रेडिओ मला इथपर्यंत ऐकू येतोय, मग तुला मी कसा ऐकू येणार?

कापलंस.

तू वाचतेस. शेवटपर्यंत गेलीस आणि परत पहिल्या ओळीवर आलीस. दोनदा वाचतेस. माझा कागद, मावशी, तू पहिल्यांदाच दोनदा वाचतेस.

खिडकीच्या कट्ट्यावर थेंबांची बाटली होती. ती तू उचललीस, तिच्यावरचं लेबल वाचलंस, दूर धरून वाचलंस, मग जवळ धरून. आणि परत ठेवलीस. मग खाली बघितलंस, सरळ माझ्याकडे, या पायरीकडे. मध्ये अख्खा रस्ता आहे, पण तुझे डोळे चांगले आहेत.

मी हात वर केला.

तुला मी दिसलो. मला माहितीय, दिसलो.

तू पडदा ओढलास.